रेवदंड्याचं शूटिंग आणि माझा शांत स्वभाव

३ नोव्हेंबर, सोमवार. रेवदंडा. सकाळी.

आजपासून शूटिंग. सिनेमाचं नाव 'सगुणा : एक पुनर्जन्म'. लेखक, दिग्दर्शक – निकेत काळूराम घरत. बायको म्हणाली, मधलं नाव आईचं लाव, निकेत सगुणा घरत. सिनेमा आईवरच आहे, हे तिचं म्हणणं. पण पोस्टरवर काळूराम भारदस्त दिसतं.

सगुणा म्हणजे माझी आई. तरुणपणी मिठागरावर राबायची. बाप रोज मारायचा. एकदा त्याने बसायचा पाट उचलून डोक्यात घातला, तेव्हापासून आईला डाव्या कानाने ऐकू येत नाही. ती मला घेऊन घराबाहेर पडली, पेणला ट्रक ड्रायव्हरांसाठी खानावळ काढली, आज तिथे जेवायला रांग लागते. एवढी दमदार गोष्ट घरातच असताना मी इतकी वर्षं लग्नाचे व्हिडिओ का काढत बसलो होतो, देव जाणे. आमच्या गावात आता कंटेनर यार्ड झालंय, म्हणून खाडीकाठचं जुनं घर इथे रेवदंड्याला घेतलं.

संकल्प : सेटवर आवाज चढवायचा नाही. हात तर नाहीच. 'मारहाणीविरुद्ध सिनेमा करणाऱ्या माणसाचा स्वभाव शांत असावा लागतो' – हे वाक्य मुलाखतीसाठी राखून ठेवलं आहे.

संध्याकाळी.

एक वॉकीटॉकी खाडीत पडला. मी फेकला असं कॅमेरामन शुभम सगळ्यांना सांगतोय. हातातून निसटलेली वस्तू एवढ्या लांब जात नाही, असा त्याचा मुद्दा. कॅमेरामनला भौतिकशास्त्र कळण्याची गरज नाही.

४ नोव्हेंबर, मंगळवार.

आईचं काम मृणाली करतेय. पनवेलची आहे, नाटकातली. मेहनती, पण प्रश्न फार विचारते. सकाळी म्हणाली, "सर, शूटिंगच्या आधी एकदा सगुणाताईंना भेटता आलं असतं तर." मी सांगितलं, काही गरज नाही, माझी आई मला पूर्ण पाठ आहे. तर म्हणते, "मार खाल्ल्यावर त्या रडायच्या का?" मी म्हटलं, रडायच्या, सगळ्या रडतात. रुचिका – म्हणजे माझी बायको, कपडे आणि कंटिन्युइटी तिच्याकडे – बाजूला बसली होती. ती म्हणाली, "आई रडायच्या नाहीत. मी विचारलंय."

दुपारी भात गार होता. मी ताट खाली ठेवलं. जरा लांबून ठेवलं. भिंतीला लागलं. रुचिका फडकं घेऊन पुसायला लागली, पण मी तिला थांबवलं. भिंतीवरून ओघळणारी आमटी बापाच्या घराला शोभून दिसत होती. शुभमला क्लोज-अप घ्यायला सांगितला. याला म्हणतात प्रसंगावधान. आमची भक्ती साडेचार वर्षांची आहे, ती रुचिकाच्या पदराआडून शूटिंग बघत होती. कलेचे संस्कार लहानपणीच व्हावे लागतात.

६ नोव्हेंबर, गुरुवार.

आज थप्पड.

बापाचं काम विनेश करतो. अलिबागचा हौशी नट. दिसतो दणकट, पण मुळात माणूस वरणभात. मृणालीच्या गालाजवळून वारा घातल्यासारखा हात फिरवतो आणि लगेच विचारतो, "लागलं नाही ना?" शॉट संपायच्या आधीच विचारतो. मी शांतपणे समजावलं. परत समजावलं. मग म्हटलं, खरं मार. तो म्हणाला, "सर, माझ्याच्याने नाय होणार. खोटं मारून खरं दाखवणं हेच आपलं काम आहे ना?"

मला शिकवतो.

थप्पड खांद्यातून कशी येते हे मी करून दाखवलं. त्याच्यावरच दाखवलं, कारण तोच समोर होता. पहिल्या वेळी गालावर बसली. त्याने नको म्हणून तोंड फिरवलं, त्यामुळे दुसरी नाकावर बसली. नाक हा फारच नाजूक अवयव आहे. शर्टभर रक्त झालं, कंटिन्युइटीची वाट लागली. तो खाली बसला आणि मी अजून समजावत होतो, तेव्हा शुभमने मागून माझे दोन्ही हात धरले. तिसरी राहून गेली.

रुचिकाने विनेशच्या नाकाला बर्फ लावला, त्याला रिक्षात घालून अलिबागला पाठवलं. जाताना त्याने उलटा हातही उगारला नाही. त्या माणसात रागच नाही. कास्टिंग चुकलं होतं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार.

बाप कोण करणार? सगळे जमिनीकडे बघत होते. शेवटी मीच जबाबदारी घेतली. बापाचा फोटो मेकअपवाल्याला दिला. त्याने फोटो बघितला, माझ्याकडे बघितलं, कंगव्याने भांग बदलला आणि म्हणाला, झालं. आळशी आहे.

मृणालीने अट घातली. सगळ्यांसमोर म्हणाली, "सर, हात माझ्यापासून वीतभर लांब थांबेल. अँगल शुभम सांभाळेल. कबूल असेल तर उभी राहते." मी कबूल केलं. वर हेही सांगितलं की लहानपणी ते सगळं डोळ्यांनी पाहिलेला माणूस बाईवर हात उचलूच शकत नाही. टाळ्या अपेक्षित होत्या. रुचिका उठून भक्तीला घेऊन बाहेर गेली.

८ नोव्हेंबर, शनिवार.

हात वीतभर आधी थांबायला हवा होता. थांबला नाही. खाडीवरून वारा सुटला होता.

आवाज मोठा आला. मृणाली चुलीवर आदळली आणि तिथेच कान धरून बसली. डोळे मिटलेले. मग म्हणाली, "सर, ऐकू येत नाहीये." मी खुश झालो. हुबेहूब आई. मी ओरडलो की कट नाही, कट नाही, असंच चालू ठेवा. तिला केसाला धरून कॅमेऱ्याकडे वळवलं, कारण चेहरा फ्रेममध्ये नव्हता.

आणि शुभमने कॅमेरा बंद केला. दिग्दर्शकाला न विचारता. जगात कुठे असं होत असेल? मी त्याच्या दिशेने स्टूल सरकवलं. ते हवेतून सरकलं. त्याच्या नडगीला लागलं, तो लंगडतोय.

इतक्यात घरमालकीण सखुबाई आली. कोळीण आहे, अंगणात तिचे बोंबील वाळत असतात. बोंबलांचा बांबूच उपसून आणला होता आणि तो माझ्या छातीला टेकवून म्हणाली, "बाईला सोर. सोर सांगते." तिला वाटलं खरंच मारामारी चालू आहे. अभिनयाला याहून मोठी पावती कोणती?

मी केस सोडले. तसाही शॉट संपला होता.

९ नोव्हेंबर, रविवार.

शूटिंगला सुट्टी. मृणालीला रुचिका अलिबागला डॉक्टरकडे घेऊन गेली. कानाचा पडदा फाटलेला नाही, फक्त सूज आहे. म्हणजे एवढा गाजावाजा फुकटच झाला.

रुचिका म्हणाली, "तिची माफी माग. आणि शूटिंग थांबव, निकेत. तू बरा नाहीस." मी शांतपणे ऐकून घेतलं. फक्त चहाचा कप फुटला. मग मृणालीकडे जाऊन रीतसर माफी मागितली. म्हटलं, तुझा कान मध्ये आला त्याबद्दल सॉरी. ती म्हणाली, "मी आज सकाळीच बॅग भरली होती. पण मला या बाईचं घराबाहेर पडणं करायचंय. ते केल्याशिवाय मी नाही जाणार." याला म्हणतात निष्ठा. माझ्यावरची.

नवा संकल्प : राग आला की मनात दहा आकडे मोजायचे.

११ नोव्हेंबर, मंगळवार.

घराबाहेर पडण्याचाच सीन लावला होता. आई मुलाला कडेवर घेऊन निघते, बाप दारात आडवा येतो, तिचे पाय धरतो, रडतो. मी फार सुंदर लिहिलाय. बापालाही मन असतं, हे दाखवायला नको का?

रुचिका सगळ्या युनिटसमोर म्हणाली, "हे असं झालं नव्हतं. ते रडले नाहीत, पाय धरले नाहीत. आईंनी काल फोनवर सगळं सांगितलं मला. त्या निघाल्या तेव्हा तुझ्या बाबांनी मागून विळा फेकून मारला होता."

मला न विचारता माझ्या आईला फोन. माझ्या सिनेमाबद्दल. माझ्या युनिटसमोर.

मी मोजायला सुरुवात केली. चारपर्यंत आलो होतो.

रुचिका पडली.

नेमकी कशी पडली ते सांगता येणार नाही, सगळं पटकन झालं. मी तिच्या हातातली स्क्रिप्टची फाइल घेत होतो आणि ती सोडत नव्हती. मनगट माझ्या हातात होतं. आधी दाराच्या चौकटीवर आपटली, मग उंबऱ्यावर. मनगटातून काडी मोडल्यासारखा आवाज आला. तीही रडली नाही. खाली बसून नुसती माझ्याकडे बघत राहिली, आणि ते बघणं मला अजिबात आवडलं नाही, म्हणून मी तिला उठवायला गेलो. पायाने. तेवढ्यात सगळे धावत आले.

भक्ती तिथेच होती. तिला शूटिंग वाटलं असणार.

१२ नोव्हेंबर, बुधवार.

आई आली. पेणहून मासळीच्या ट्रकमध्ये पुढे बसून. कोणी बोलावलं माहीत नाही. मला वाटलं शूटिंग बघायला आली, म्हणून मॉनिटरसमोर खुर्ची ठेवली. थप्पडवाला शॉट लावून दिला. म्हटलं, बघ आई, तुझा मुलगा काय करतोय.

तिने पूर्ण बघितलं. पडद्यावर मी मारतोय, मृणाली चुलीवर पडतेय, मी तिचे केस ओढतोय. आईच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही. बघून झाल्यावर उठली आणि आत गेली. आत खाटेवर रुचिका प्लास्टर घातलेला हात उशीवर ठेवून पडली होती. आईने मला विचारलं, "हिला काय झाला?"

मी म्हटलं, पडली.

आई म्हणाली, "मी पन पडायची. तुझा बाप सगल्या गावाला त्याच सांगायचा. पडली. पानी भरताना पडली, मिठागरात पडली, अंधारात पडली. गावाला वाटायचा, हिला चालताच येत नाय."

मी हसलो, कारण वाक्य खरंच चांगलं होतं. स्क्रिप्टमध्ये घालू म्हटलं.

ती हसली नाही. रुचिकाला म्हणाली, "ऊठ. पोरीचे कपडे घे. बाकी काय नको." रुचिका म्हणाली, "आई, मी कुठे जाऊ? माहेरी सांगितलं तर परत पाठवतील." आई म्हणाली, "माझ्याकरं चल. मना तवा कोन नव्हता. तुना मी हाय."

मी दारात उभा राहिलो. अडवायला नाही, सहज. आई समोर आली आणि उजवा कान माझ्याकडे करून म्हणाली, "बोल. काय बोलायचा हाय?" बोलायला मी हात वर केला. बोलताना माझे हात हलतात. तर शुभम उठला, मृणाली उठली, मेकअपवाला उठला. सखुबाई आधीच उभी होती. एवढी माणसं एका वेळी कधी मी 'ॲक्शन' म्हटल्यावरसुद्धा उठली नव्हती.

मी डोकं खाजवलं आणि बाजूला झालो.

ट्रकमध्ये चढताना आई मृणालीकडे वळली. "तू माझी गोष्ट करतेस ना? तर पेनला ये. घराभाईर पडल्यावर काय काय केला, ता या पोराला म्हाईत नाय. मी सांगते." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "गोष्ट माझी हाय. ती पन घेऊन चालली."

१३ नोव्हेंबर, गुरुवार.

पोलीस स्टेशनला बोलावणं आलं. रुचिकाने काहीतरी तक्रार दिली आहे. बायका भावनेच्या भरात देतात.

साहेब माणूस चांगला. मी त्यांना सिनेमाची गोष्ट पहिल्यापासून सांगितली. त्यांनी मध्ये न बोलता ऐकली आणि बरंचसं लिहूनही घेतलं. मंगळवारी शुभमचा कॅमेरा चालूच राहिला होता म्हणे, चौकटीचा सगळा भाग त्यात आलाय. साहेबांनी तो बघितला. मग परत बघितला. आवडल्याशिवाय कोणी दोनदा बघत नाही. मी विचारलं, कसा वाटला? ते म्हणाले, "घरत, तुम्ही बसा जरा."

बराच वेळ बसलो. नंतर सह्या घेतल्या, कोर्टाची तारीख कळवतो म्हणाले. पेणला त्या घराकडे फिरकायचं नाही असंही बजावलं. प्रत्येक मोठ्या सिनेमाच्या मागे एखादी केस असतेच.

२० नोव्हेंबर, गुरुवार.

युनिट गेलं. मी अजून रेवदंड्यातच आहे. स्वतःला क्रिएटिव्ह ब्रेक दिला आहे.

सखुबाईने घर रिकामं करायला सांगितलंय. सकाळी अंगणात उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "बोंबलाला वास सुटला तर मी फेकून देते." नेमकं कोणाबद्दल बोलत होती ते विचारलं नाही.

शुभमला फोन केला. उरलेलं शूटिंग पेणला चालू आहे, मृणाली दिग्दर्शन करतेय. आई रोज तिला शेजारी बसवून सांगते आणि ती तसंच करते. विनेशही परत आला. नाक वाकडं राहिलंय, पण तसंच घेतायत म्हणे. माझे बापाचे शॉट ठेवणार का, विचारलं. शुभम म्हणाला, "दादा, ते पोलिसांकडे आहेत." मला राग आला नाही. माणूस मोठा झाला की काम वाटून द्यावं लागतं.

शांत राहण्याचं एक ॲप घेतलंय. त्यात एक बाई मऊ आवाजात 'श्वास घ्या, श्वास सोडा' म्हणते. सोडला. परत म्हणाली सोडा. मी म्हटलं, सोडला की. परत सोडा. मोबाईलची स्क्रीन गेली. दुसरं ॲप बघायला हवं.

७ डिसेंबर, रविवार. पेण.

आज शेवटचा सीन आहे असं कळलं, म्हणून गेलो. पोलिसांनी मनाई केली आहे ती नवऱ्याला. मी दिग्दर्शक म्हणून गेलो.

खानावळीत जेवणाची वेळ होती. ट्रकवाले बसले होते, कोपऱ्यात कॅमेरा लावलेला. मृणाली आईची जुनी साडी नेसून भाकऱ्या थापत होती आणि आई तिच्या मागे उभी राहून तिचा हात धरून दाखवत होती. विनेशचा हात मला बघून आपोआप नाकाकडे गेला. ट्रकवाल्यांतले दोघं उठून दारापाशी येऊन उभे राहिले. आईने त्यांना हाताने बसायला सांगितलं. मग फोन उचलून कोणाशी तरी बोलली, पत्ता सांगितला, आणि मला बाहेरच्या बाकाकडे बोट दाखवलं. "तिथं बस. ते येईपर्यंत जेव."

पाहुण्याला उपाशी ठेवायची तिला सवय नाही.

रुचिका ऑर्डर घेत फिरत होती. प्लास्टर अजून आहे, पण चालणं वेगळंच झालंय. पटपट चालते. माझ्या बाकापासून चांगली लांब थांबली. मी तिला मोठ्या मनाने सांगितलं की झालं गेलं मी विसरलोय, तू घरी येऊ शकतेस.

ती म्हणाली, "घोळ संपलाय. बांगडा आहे. चालेल?"

मी म्हटलं, रुचिका, मी तुझ्याशी बोलतोय. ती म्हणाली, "बांगडा एक," आतल्या बाजूला तोंड करून, आणि गेली.

भक्ती शेजारच्या टेबलाशी चित्र रंगवत बसली होती. केस कापलेत तिचे, छान दिसत होती. मी तिला इकडे ये म्हणून हात वर केला. नुसता हात. ती टेबलाखाली गेली. दोन्ही हात डोक्यावर धरून, गुडघ्यांत तोंड घालून बसली.

मी बाकीच्यांना सांगितलं की आम्ही असंच लपाछपी खेळतो.

आई आली. हात पुसून टेबलाखाली वाकली, भक्तीला बाहेर घेतलं, कडेवर बसवलं. माझ्यासमोर ताट ठेवलं. मग हळू म्हणाली, "तू पन असाच बसायचास. आपल्याकरं टेबल नव्हता. मिठाच्या गोणींच्या मागं बसायचास, डोक्यावर हात धरून. मी हाका मारायची तरी भाईर यायचा नायस."

मला तसलं काही आठवत नाही.

बांगडा ताजा होता. भात संपला. अजून थोडा लागला असता, पण माझ्याकडे कोणी येत नव्हतं. हात वर करून कोणाला तरी बोलावणार होतो. आजीच्या खांद्यावरून भक्ती बघत होती.

हात मांडीखाली घेऊन बसलो. गाडी येईपर्यंत तसाच.